मनातला ‘च’
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या आनंदाच्या प्रसंगी मी मनस्तापाविषयी बोलणार, हे ऐकून कार्यवाह बाईंच्या कपाळाला थोडी आठी पडली होती. पण मी त्यांना म्हटले, आपल्या मंडळात पापड, लोणची, शिवण, भजन सगळे शिकवून झाले. घरात एखादा शब्द लागला आणि मन पेटले, तर ते कसे शांत करावे, हे मात्र आपल्याला कोणी शिकवले नाही. ‘सोडून दे गं’ एवढेच आजवर ऐकत आलो. सोडायचे कसे, ते सांगणारी भेटत नाही. आज त्याच ‘कसे’विषयी चार शब्द बोलायचे आहेत.

मी मानसशास्त्राची पंडिता नव्हे. ज्या रीतीचा मला स्वतःला उपयोग झाला, तीच तुमच्यापुढे ठेवते.

या रीतीचा पाया घातला अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने. ते १९१३ साली जन्मले आणि २००७ साली न्यूयॉर्कमध्ये वारले. तरुणपणी ते अत्यंत लाजरे होते. परक्या मुलीशी दोन शब्द बोलायचे म्हणजे त्यांच्या पोटात गोळा येई. एकोणीस वर्षांचे असताना त्यांनी स्वतःवरच एक प्रयोग केला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील वनस्पती उद्यानात ते महिनाभर रोज जात आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसून बोलायला सुरुवात करीत. काही जणी उठून गेल्या. शंभर जणींशी बोलणे झाले. त्यांतली एकच पुन्हा भेटायला कबूल झाली, आणि तीही आली नाही! पण एलिस पुढे सांगत की, कोणी मला मारले नाही, पोलिसांना बोलावले नाही आणि आकाशही कोसळले नाही. भीती त्या स्त्रियांत नव्हती. ‘नकार मिळाला तर भयंकर होईल’ असे जे ते स्वतःला बजावत होते, त्यात ती होती.

पुढे ते रीतसर मानसोपचार शिकले आणि १९५५ च्या सुमारास त्यांनी आपली स्वतंत्र पद्धत मांडली. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती म्हणतात. मुंबईचे प्रा. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ती आपल्याकडे रुजवली. तिचा गाभा असा: घटना घडते आणि आपल्याला त्रास होतो, पण या दोहोंच्या मध्ये एक तिसरी वस्तू असते. ती म्हणजे त्या घटनेविषयी आपण मनातल्या मनात उच्चारलेले वाक्य. हा विचार अगदी नवा आहे, असे एलिसही म्हणत नसत. प्राचीन काळच्या एपिक्टेटस या तत्त्ववेत्त्याचे ऋण ते मोकळेपणी मान्य करीत. आणि आपल्याला तरी ते नवे कोठे आहे? समर्थांनी २०५ श्लोक लिहिले, ते मनाला उद्देशूनच ना?

हे मधले वाक्य ओळखायचे कसे? मराठी बाईला त्याची एक सोपी खूण सांगते. त्या वाक्यात बहुधा एक ‘च’ असतो. ‘सुनेने मला विचारायलाच पाहिजे होते.’ ‘माझ्या मुलाला चांगले गुण मिळालेच पाहिजेत.’ ‘चारचौघांत माझी चूक होताच कामा नये.’ यातला ‘च’ काढून पाहा. ‘सुनेने विचारले असते तर मला आवडले असते.’ झाली ना धार बोथट? इच्छा तीच राहिली, पण हुकूम गेला. इच्छा अपुरी राहिली की वाईट वाटते; हुकूम मोडला की माणूस पेटते.

आता प्रत्यक्ष रीत सांगते. तिला लागते काय, तर एक वही, एक पेन्सिल आणि वीसेक मिनिटांचा निवांतपणा.

पहिली गोष्ट, डोके तापलेले असताना वही उघडू नये. आधी घोटभर पाणी प्यावे, सावकाश दहा-बारा श्वास घ्यावेत आणि सोडताना घेण्यापेक्षा अधिक वेळ लावावा.

मग वहीत घटना लिहावी, एकाच ओळीत. फोटो काढणाऱ्याला जेवढे दिसले असते तेवढेच लिहावे. ‘तिने माझा अपमान केला’ ही घटना नव्हे, तो आपला निवाडा झाला. ‘ती माझ्याशी न बोलता आत गेली’, ही घटना.

त्याखाली आपल्याला काय वाटले ते लिहावे: राग, भीती, शरम, मत्सर. लाजू नये, वही कोणाला दाखवायची नाही. आणि ते किती वाटले तेही लिहावे. आपण अजून ‘सोळा आणे खरे’ म्हणतो ना, तसे सोळा आण्यांपैकी किती आणे, ते मांडावे.

त्याखाली ते मधले वाक्य. ते पटकन सापडत नाही. ‘आणि तसे झाले म्हणून काय?’ असे स्वतःला पुन्हा पुन्हा विचारावे, म्हणजे तळाचे वाक्य वर येते. त्यातल्या ‘च’भोवती वर्तुळ काढावे.

मग त्या वाक्याला तीन प्रश्न विचारावेत. हे खरे आहे का, पुरावा काय? मला हवे आहे म्हणून ते झालेच पाहिजे, हा कोणता न्याय? आणि हे वाक्य धरून बसण्याने माझे काही भले होते आहे का?

शेवटी नवे वाक्य लिहावे आणि त्याला शोभेल अशी एक लहानशी कृती करावी. नवे वाक्य साखरेत घोळलेले नसावे. ‘सगळे छान आहे’ असे खोटे लिहिले तर मन ते मानत नाही.

कोरडे नियम सांगून भाषण संपवले तर तुम्ही म्हणाल, बाईंचे काय जाते सांगायला! म्हणून माझ्याच वहीतले एक पान वाचून दाखवते.

माझी आई माझ्याकडे होती. एका थंडीत तिला ताप आला. दोन दिवस मी घरीच औषध दिले, पेज दिली, उशाशी बसले. तिसऱ्या दिवशी तिला धाप लागली, तेव्हा दवाखान्यात नेले. न्यूमोनिया निघाला. आठवड्यात आई गेली. तेराव्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलेले असताना, माझी धाकटी बहीण म्हणाली, “ताईनं दोन दिवस आधी नेलं असतं, तर आई आज असती.” त्यानंतर तीन वर्षे मी तिच्याशी बोलले नाही. तिच्या मुलीच्या लग्नालाही गेले नाही.

ही रीत वाचनात आली तेव्हा मी वही घेऊन बसले. घटना लिहिली: बहीण अमुक वाक्य बोलली. भावना: राग, चौदा आणे. वाक्य: ‘तिने असे बोलायलाच नको होते.’ मला वाटले, झाले काम. पण तळ लागेना. ‘बोलली म्हणून काय?’ असे विचारीत गेले, तेव्हा पेन्सिलीतून भलतेच उतरले: ‘मला वेळेवर कळायलाच पाहिजे होते. कळले नाही, म्हणजे मी आईला मारले.’

भगिनींनो, त्या ओळीकडे पाहून मी किती वेळ रडले ते सांगत नाही. बहिणीने नवे काही म्हटलेच नव्हते. जे मी तीन वर्षे स्वतःला म्हणत होते, ते तिने एकदा मोठ्याने म्हटले. राग तिच्यावर होता, पण जळत होता तो अपराधीपणा.

मग तीन प्रश्न विचारले. पुरावा काय? दोन दिवस साधा ताप होता. धाप तिसऱ्या दिवशी लागली. तिसऱ्या दिवशी जे कळले, ते पहिल्या दिवशी कळायलाच हवे होते, हा न्याय कोणता? आणि हे वाक्य धरून मिळाले काय? आई तर परत आली नाहीच, बहीणही गेली.

नवे वाक्य लिहिले: ‘मला लवकर कळले असते तर फार बरे झाले असते. कळले नाही. त्याची हळहळ मला जन्मभर राहील. पण त्यामुळे मी वाईट मुलगी ठरत नाही. बहीण बोलली ते मला लागले. पण तिचीही आई गेली होती.’

आणि कृती? मी बहिणीला फोन केला. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग ती म्हणाली, “ताई, जेवलीस का?” एवढेच. तिने त्या वाक्याबद्दल आजतागायत माफी मागितलेली नाही. मागितली असती तर मला बरे वाटले असते. पण ‘मागायलाच पाहिजे’, यातला ‘च’ मी खोडून टाकला आहे. आता दिवाळीला आम्ही दोघी मिळून करंज्या करतो.

यात एक बारकावा आहे, तो एलिस यांनीच दाखवला आहे. या रीतीने दुःख नाहीसे होत नाही, आणि तसा तिचा दावाही नाही. अपराधीपणा जाऊन हळहळ राहते, संताप जाऊन नाराजी राहते, भीतीची जागा काळजी घेते. हळहळ माणसाला फोनपाशी नेते. अपराधीपणा फोनपासून दूर ठेवतो. फरक एवढाच, पण तो संसाराच्या उपयोगाचा आहे.

लिहिताक्षणी हलके वाटेल, अशीही अपेक्षा ठेवू नका. जेम्स पेनिबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनाला लागलेल्या प्रसंगांविषयी लिहायला सांगितले होते. लिहून उठल्यावर त्यांना अधिकच उदास वाटले. पण प्रसंग आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना पुढच्या महिन्यांत दवाखान्याची पायरी कमी वेळा चढावी लागली. पालेभाजी निवडताना आधी पसारा होतो, तसेच हे आहे.

आता एक इशारा देऊन थांबते. ही रीत अन्याय गिळण्यासाठी नाही. ज्या भगिनीला घरात मारहाण होते, तिने वहीत ‘च’ शोधत बसू नये. तिथे दोष तिच्या वाक्यात नाही, मारणाऱ्या हातात आहे. तिच्यासाठी २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, १८१ हा दूरध्वनी क्रमांक आहे, आणि आपले मंडळ आहे. तसेच उदासपणा दोन आठवड्यांहून अधिक टिकला, झोप-भूक उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर आपल्या भाषेत बोलता येते. पाय मोडला तर आपण घरी हळद लावून बसत नाही. मनाचेही तसेच समजावे.

पण रोजच्या खरचटण्याला घरचे औषध पुरते. आज घरी गेल्यावर मुलांच्या जुन्या वह्यांतली कोरी पाने काढून शिवा, आणि पहिल्या पानावर या आठवड्यात लागलेला एक शब्द लिहा. मोठे दुःख पहिल्या दिवशी काढू नका; लहानापासून हात बसू द्या. ‘च’ सापडला तर ठीक, नाही सापडला तर उद्या पुन्हा पाहा. ‘आजच सापडला पाहिजे’ असे मात्र म्हणू नका, नाहीतर माझे सगळे भाषण वाया गेले असे होईल!