अनोळखी गिऱ्हाइकाची शहानिशा



देहविक्रयाविषयी आपल्या व्यासपीठांवरून जे बोलले जाते ते बहुधा या स्त्रियांना व्यवसायातून बाहेर कसे काढावे याविषयीचे असते. परंतु ज्या प्रौढ स्त्रिया, आणि काही पुरुषही, आपल्या निर्णयाने हा व्यवसाय आज करीत आहेत, त्यांनी उद्या सायंकाळी दाराशी येणारा अपरिचित मनुष्य आत घ्यावा की परत पाठवावा हे कोणत्या आधारावर ठरवावे, या प्रश्नाचा विचार करणे आपल्याला काहीसे संकोचाचे वाटते; आणि त्यांच्या लेखी तर हाच प्रश्न प्रत्यक्ष प्राणांचा आहे. बळजबरीने अथवा अल्पवयात या व्यवसायात लोटल्या गेलेल्यांना निवडीची मुभाच नसते; त्यांचा प्रश्न सर्वस्वी वेगळा, फौजदारी गुन्ह्याचा आहे, आणि तो मी आज हाती घेतलेला नाही.

हा विचार आपल्या परंपरेने कधी केलाच नाही असे नव्हे. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील सहावे अधिकरण वैशिक म्हणून प्रसिद्ध आहे, आणि त्या विषयावर पूर्वी दत्तकाने पाटलिपुत्राच्या गणिकांच्या विनंतीवरून स्वतंत्र ग्रंथ रचला होता असे वात्स्यायनच सांगतो. या अधिकरणाच्या आरंभीच गम्य कोण आणि वर्ज्य कोण याची मीमांसा आहे: क्षयरोगी, कठोर बोलणारा, निर्दय, चोर, दांभिक, वडीलधाऱ्यांनी टाकलेला, असे पुरुष गणिकेने टाळावेत. कोणी बोलावणे पाठविले तरी तिने तत्काळ होकार न देता संवाहक, गायक, विदूषक अशा परिचितांकरवी त्याचे शौच, अनुराग आणि दातृत्व यांची चौकशी करावी. आणि आरक्षक व धर्माधिकरणातील अधिकारी यांच्यापासून माळी, रजक, नापित यांच्यापर्यंत अनेकांना आपले साहाय्यक करून ठेवावे, असेही तेथे सांगितले आहे. म्हणजे आधी चौकशी, मग स्वीकार, आणि पाठीशी माणसे, हा क्रम शास्त्रकाराने गृहीतच धरलेला आहे.

आज पाश्चात्त्य देशांतील ज्या व्यावसायिकांना एस्कॉर्ट म्हणतात, त्यांचा क्रम याहून फारसा भिन्न नाही. साधने मात्र बदलली आहेत. नवा मनुष्य प्रथम संदेश पाठवितो किंवा दूरध्वनी करतो, आणि तपासणीचा आरंभ तेथेच होतो: तो विचारलेल्या प्रश्नाचे सरळ उत्तर देतो की टाळतो, ठरलेल्या मोबदल्यावर घासाघीस करतो काय, आणि एकदा नाही म्हटल्यावर थांबतो की तगादा लावतो, याकडे अनुभवी स्त्रीचे सर्वाधिक लक्ष असते. त्यानंतर ती त्याचे खरे नाव मागते, नोकरीचे ठिकाण विचारते, पूर्वी तो ज्या व्यावसायिकांकडे गेला असेल अशा दोघींचा दाखला मागते. काही जणी मोबदल्याचा अंश आगाऊ घेतात, काही प्रथम एखाद्या उपाहारगृहात चारचौघांत भेटतात. आणि सर्व काही मनाजोगे जुळले तरी भेटीचे स्थळ व वेळ एका विश्वासू मैत्रिणीस कळविलेली असते, आत गेल्यावर एक आणि बाहेर पडल्यावर दुसरा दूरध्वनी ठरलेला असतो, आणि निरुपद्रवी भासणारा असा एखादा शब्द ठरलेला असतो की जो कानी पडताच पलीकडच्या मैत्रिणीने मदतीस धावावे.

येथेच गोपनीयतेचा नाजूक प्रश्न उद्भवतो, आणि तो उभयपक्षी आहे. स्त्रीला आपले खरे नाव, घर आणि मुलाबाळांची शाळा झाकून ठेवायची असते. गिऱ्हाइकाला आपले कुटुंब आणि आपला हुद्दा. तरीही सुरक्षिततेसाठी एकाला आपले खरे नाव उघड करावे लागते, आणि ते त्याने करावे म्हणून दुसरीला विश्वासपात्र ठरावे लागते. म्हणून या व्यवसायात काही अलिखित पण कडक रीती पडल्या आहेत. ओळखपत्रावरील नाव आणि छायाचित्र दिसले की पुरे. त्यावरील क्रमांक झाकून पाठविण्यास हरकत नसते. कचेरीत दूरध्वनी केलाच तर अमुक गृहस्थ तेथे काम करतात काय एवढेच, तेही कामाचा निरोप असल्याच्या बतावणीने, विचारायचे. दाखला देणारी स्त्री दुसरीला इतकेच सांगते की हा मनुष्य वेळेवर आला, सभ्यपणे वागला, ठरल्याबाहेर गेला नाही. त्यापलीकडचा एक शब्दही सांगणे निषिद्ध मानले जाते. आणि खातरजमा झाली की ती माहिती नष्ट करावी, हा अनेकींचा दंडक आहे. एखादीने ती माहिती धाक घालण्यासाठी वापरली, तर पुढे खरे नाव सांगण्यास कोणीच धजावणार नाही आणि त्याचा फटका सर्वजणींना बसेल, हे त्या जाणून असतात. वकील आणि वैद्य यांच्या व्यवसायनीतीचा आपण गौरव करतो; ही नीती त्याच जातीची आहे, आणि ती कोणत्याही परिषदेने लिहून दिलेली नसताना उभी राहिली म्हणून मला ती अधिकच आदरणीय वाटते.

एकटीच्या शहानिशेला सामुदायिक स्मृतीची जोड ऑस्ट्रेलियात मिळाली. मेलबर्न येथे १९८६ मध्ये व्हिक्टोरिया प्रांतातील व्यावसायिकांच्या संघटनेने ‘अग्ली मग्ज’ नावाची पत्रके काढण्यास आरंभ केला: हिंसा करणाऱ्या पुरुषाचे वर्णन, त्याच्या गाडीचा रंग व क्रमांक, त्याने काय केले, आणि सांगणारीचे नाव मात्र कोठेच नाही. ब्रिटनमध्ये २०१२ पासून याच धर्तीची राष्ट्रीय व्यवस्था काम करीत आहे. तेथे स्त्रीची संमती असेल तर तिचे नाव गुप्त राखून तिची माहिती पोलिसांकडेही पोचविली जाते.

परंतु कायदाच जेव्हा ही चौकशी करण्यास मज्जाव करतो तेव्हा काय घडते, हे पाहण्यासाठी कॅनडाकडे वळले पाहिजे. त्या देशात देहविक्रय स्वतः गुन्हा नव्हता. मात्र सार्वजनिक जागी त्यासंबंधी बोलणी करणे १९८५ च्या कायद्याने दंडनीय केले होते, या व्यवसायासाठी जागा चालविणे गुन्हा होता, आणि या उत्पन्नावर उपजीविका करणे गुन्हा असल्यामुळे वाहनचालक किंवा रक्षक नेमणेही धोक्याचे होते. परिणाम असा की व्हँकुव्हरच्या डाउनटाउन ईस्टसाइड भागात रस्त्यावर उभी असलेली स्त्री पोलिसांच्या भयाने गाडीतल्या माणसाशी चार वाक्येही न बोलता घाईने आत बसे. तो मद्य प्यालेला आहे काय, मागच्या आसनावर आणखी कोणी आहे काय, दाराची कडी आतून उघडते काय, हे पाहण्याचे ते मोलाचे क्षण कायद्याने तिच्यापासून काढून घेतले होते. त्याच वस्तीतून अनेक स्त्रिया, त्यांत कितीतरी मूळनिवासी समाजाच्या, नाहीशा होत गेल्या; आणि रॉबर्ट पिक्टन या इसमास २००७ मध्ये सहा स्त्रियांच्या खुनांबद्दल दोषी ठरविण्यात आले. स्त्रिया अशा नाहीशा होत असतानाच ‘ग्रँडमाज हाउस’ नावाचे एक आश्रयस्थान, जेथे या स्त्रियांना चार भिंतींच्या आत सुरक्षितपणे गिऱ्हाईक नेता येई, ते जागा चालविण्यासंबंधीच्या कलमाखालील कारवाईमुळे बंद पडले होते.

टेरी-जीन बेडफर्ड, एमी लेबोविच आणि व्हॅलेरी स्कॉट या तीन स्त्रियांनी या कलमांना आव्हान दिले, आणि २० डिसेंबर २०१३ रोजी सरन्यायाधीश बेव्हर्ली मॅक्लाक्लिन यांनी सर्वोच्च न्यायालयाचा एकमताचा निर्णय दिला. ही कलमे एका कायदेशीर कृत्यास अधिक धोकादायक करतात, जणू सायकलस्वारास शिरस्त्राण घालण्यास मनाई करावी, असे न्यायालयाने म्हटले. आणि आगाऊ चौकशीच्या मुभेमुळे एक जरी स्त्री पिक्टनच्या गाडीत चढण्यापासून वाचली असती, तरी कायद्याच्या अपायाची तीव्रता सिद्ध होते, असा त्या निकालाचा आशय आहे. मी अनेक निकालपत्रे वाचली आहेत. रस्त्यावरच्या काही क्षणांच्या संभाषणाला मानवी प्राणांच्या तराजूत इतके वजन देणारे दुसरे निकालपत्र माझ्या पाहण्यात नाही.

त्यानंतर तेथील संसदेने केलेल्या आणि डिसेंबर २०१४ मध्ये अमलात आलेल्या नव्या कायद्याने मोबदला देणाऱ्यासच अपराधी ठरविले. स्त्रीला अभय मिळावे हा त्यामागचा उद्देश सांगितला गेला, आणि तो मी खोटा मानीत नाही. परंतु ज्या गिऱ्हाइकाला आपले नाव सांगणे म्हणजे आपल्याविरुद्ध पुरावा देणे वाटते, तो नाव सांगत नाही. जो प्रामाणिक आहे तो बिचकतो, आणि ज्याच्या मनात काळेबेरे आहे त्याला नाव दडविण्याचे आयते निमित्त सापडते. अमेरिकेत एप्रिल २०१८ मध्ये झालेल्या कायद्यामुळेही जाहिरातींची संकेतस्थळे बंद पडली, आणि त्याबरोबर घरी बसून शांतपणे चौकशी करण्याची कित्येकींची सोय गेली.

याउलट न्यूझीलंडने २००३ साली, साठ विरुद्ध एकोणसाठ इतक्या निसटत्या मतांनी, जो कायदा केला त्यात कोणत्याही क्षणी नकार देण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत नोंदविला, आणि चारपर्यंत स्त्रियांना परवान्याविना एकत्र काम करण्यास मोकळीक दिली. शेजारच्या खोलीत मैत्रीण असणे यासारखे दुसरे संरक्षण नाही.

आता आपल्या घरची स्थिती पाहू. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक अधिनियमाने देहविक्रय स्वतः गुन्हा केलेला नाही. परंतु दोन किंवा अधिक स्त्रिया परस्परांच्या लाभासाठी जी जागा वापरतात तीही त्याच्या व्याख्येत कुंटणखाना ठरते, आठव्या कलमाने सार्वजनिक जागी गिऱ्हाइकास पाचारण करणे दंडनीय आहे, आणि चौथ्या कलमाने अशा स्त्रीच्या कमाईवर जगणारा प्रौढ मनुष्य, मग ती म्हातारी आई का असेना, गुन्हेगार होऊ शकतो. कॅनडातील तिन्ही कलमांची छाया येथे दिसते. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात या स्त्रियांना घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाखालील सन्मानाचा हक्क आहे असे सांगून, छाप्यांच्या वेळी वृत्तपत्रांनी त्यांची ओळख प्रकट करू नये असेही बजावले; म्हणजे त्यांच्या गोपनीयतेला न्यायालयाचे संरक्षण लाभले, पण त्यांच्या शहानिशेला अद्याप लाभलेले नाही. सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या स्त्रिया १९९६ पासून संघटित होऊन, पोलिसांशी आणि गुंडांशी एकमेकींच्या बळावर व्यवहार करीत आल्या आहेत. पण त्यांच्यातील दोघींनी केवळ सुरक्षिततेसाठी एक खोली भाड्याने घेतली, तर अधिनियमाची व्याख्या त्यांच्या आड येते. त्या व्याख्येतील परस्पर लाभाचे शब्द संसदेने वगळावेत, आणि चौथ्या कलमातून आईबाप, मुले व पगारी रक्षक यांना मोकळे करावे, एवढी दुरुस्ती मी या सभेपुढे मांडतो. तिच्यावर अनुकूल-प्रतिकूल चर्चा व्हावी, आणि त्या चर्चेत सांगली-मिरजेच्या त्या भगिनींना प्रथम बोलू द्यावे, अशी अध्यक्षमहाराजांना माझी विनंती आहे.