संकेतस्थळावरील छायाचित्रे आणि त्यांचा भार



ग्रामपंचायतीच्या संकेतस्थळावर वृक्षारोपणाची दहा छायाचित्रे हौसेने चढविली जातात, आणि दूरच्या पाड्यावरील नागरिकासमोर ग्रामसभेच्या सूचनेचे पान पुरते उघडतच नाही. भ्रमणध्वनीवर काढलेले छायाचित्र पुष्कळदा ४००० बाय ३००० बिंदूंचे, म्हणजे १ कोटी २० लाख बिंदूंचे असते. अशी एक फाईल ४ एमबीची धरली, तर दहांचे ४० एमबी होतात. सेकंदाला एक मेगाबिट वेगाच्या जोडणीवर ती उतरण्यास पाच मिनिटांहून अधिक काळ लागतो. इतका धीर कोणी धरावा?

उपाय बिनखर्चाचा आहे. विंडोज संगणकावरील 'पेंट'मध्ये चित्र उघडून 'रीसाइज' निवडावे, लांबी-रुंदीचे प्रमाण कायम राखण्याचा पर्याय चालू ठेवावा व टक्केवारी ३० करावी. चित्र १२०० बाय ९०० बिंदूंचे होते. एकूण बिंदू सुमारे अकराव्या हिश्श्यावर येतात. संकेतस्थळाच्या पानास तेवढे पुरते.

मात्र हे चित्र 'सेव्ह ॲज'ने नव्या नावानेच जतन करावे. मूळ फाईलवर ते जतन झाल्यास गेलेले बारकावे पुन्हा मोठे करून परत मिळत नाहीत, आणि पुढे छापील अहवालासाठी चित्र हवे झाले म्हणजे पंचाईत होते. छायाचित्रास जेपीईजी, तर नकाशास पीएनजी हा प्रकार मानवतो. लाभार्थ्यांच्या यादीचे छायाचित्र लहान करून देणे मात्र टाळावे. अक्षरे पुसट होतात. यादी टंकलिखितच द्यावी, म्हणजे नाव शोधताही येते.