‘पाडस’: एका वर्षाचं वर्तुळ

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय त्याहूनही जुनं, १८६४चं. अशा वाचनालयातून राम पटवर्धनांनी अनुवादलेलं ‘पाडस’ घरी आणा. मूळ कादंबरी मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची, १९३८ची.

तिची बांधणी पाहा. ज्योडी या मुलाच्या बापाला साप चावतो. विष उतरवण्यासाठी तो हरिणी मारतो, तिचं पोरकं पाडस ज्योडी घरी आणतो. तेच पाडस पुढे शेतातलं पीक फस्त करू लागतं. म्हणजे ज्या घटनेनं बाप वाचला, तिच्याच पोटी घरावरचं संकट वाढतं.

पात्रंही एकरंगी नाहीत. आई कठोर वाटते, पण तिनं अनेक लेकरं गमावलेली आहेत. बाप हळवा, तरी पाडसाला मारायचा निर्णय त्यालाच घ्यावा लागतो.

सुरुवातीला ज्योडी झऱ्यावर पानांचं इवलं पाणचक्र फिरवतो. वर्षानं तो तिथंच परततो, पुन्हा चक्र करतो, पण त्यात मन रमत नाही. झरा तोच, मुलगा बदललेला.

डोंबिवलीहून लोकलनं जाताना पहिलं प्रकरण वाचा, परतताना शेवटचं. वर्तुळ आपोआप दिसेल.