तिसऱ्यानं काय करायचं?

श्रोतेहो, आणि विशेषतः शिक्षक बंधुभगिनींनो, उद्या वर्गात एक खेळ घेऊन पाहा. चार मुलांना रिंगण करायला सांगा. नियम एकच: शेजारी उभा असेल तर आपण बसायचं, शेजारी बसला असेल तर आपण उभं राहायचं. दोघे उभे, दोघे बसलेले; चटकन जमतं. आता एक मूल कमी करा. एक उभा, दुसरा बसलेला, आणि तिसरा? तो कसाही राहो, एका शेजाऱ्याशी त्याचं बिनसणारच.

काही स्फटिकांतल्या अणूंची नेमकी हीच अडचण असते. असा प्रत्येक अणू म्हणजे होकायंत्राची इवलीशी सुई. लोहचुंबकात साऱ्या सुया एका दिशेला वळतात. प्रतिलोहचुंबकात मात्र शेजाऱ्याच्या उलट. हे कोडं उलगडणारे फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नेएल यांना १९७० साली नोबेल पारितोषिक मिळालं.

अणू त्रिकोणात बसलेले असले की बहुधा तडजोड होते. तिघे एकमेकांशी १२० अंशांचा कोन करून राहतात. समाधान कुणाचंच पुरतं नाही.

आता बाहेरून मोठ्या चुंबकाचा जोर लावू. बेरियम, कोबाल्ट, अँटिमनी आणि ऑक्सिजन यांचा एक स्फटिक आहे. कडाक्याच्या थंडीत, निरपेक्ष शून्याच्या जवळ, जोर वाढवला तसं त्याचं चुंबकत्व वाढत गेलं आणि पूर्ण मापाच्या एकतृतीयांशावर थबकलं. सुमारे १० टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या जवळजवळ दोन लाख पट जोर, तिथपासून १५ टेस्लापर्यंत ते जागचं हललं नाही! कारण तिथे दोन सुया वर, एक खाली, अशी बैठक बसते. दोनांतून एक गेला, तिघांमागे एक उरला. अणूंच्या सुया अतिथंडीतही थरथरतच असतात, आणि ही थरथरच त्या बैठकीला धरून ठेवते.

एक सुई हलली की शेजारची हलते. वाऱ्यानं जोंधळ्याच्या शेतात लाट धावावी तसं. या लाटांना मॅग्नॉन म्हणतात. स्फटिकावर न्यूट्रॉन सोडून त्या मोजतात. बाहेरचा जोर नसताना या स्फटिकातल्या लाटा नेहमीच्या गणिताला जुमानत नव्हत्या. दोन वर, एक खाली अशी बैठक बसल्यावर मात्र त्या स्वच्छ दिसल्या आणि गणिताशी जुळल्या, असं २०१८ साली प्रसिद्ध झालं.

तेव्हा गुरुजी, खेळातलं एखादं पोर विचारील, "तिसऱ्यानं काय करायचं?" त्याला गप्प बसवू नका. शास्त्रज्ञही हाच प्रश्न विचारीत आहेत.