नेत्याने विद्यार्थी राहावे



नेतृत्व म्हटले की धडाडी, वक्तृत्व, निर्णयक्षमता हे गुण चटकन डोळ्यांपुढे येतात. शिकत राहण्याची वृत्ती मात्र सहसा कोणी त्यांत मोजत नाही. शिकणे हे कनिष्ठांचे काम आणि शिकवणे हा वरिष्ठांचा अधिकार, अशी आपली समजूत झालेली आहे. ही समजूत बाजूला ठेवली तर काय घडते, हे पाहण्यासाठी नागपूरकरांना दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच शहरातील एम्प्रेस मिलचा इतिहास पुरेसा बोलका आहे.

जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी ही गिरणी सुरू केली. त्या काळी कापडगिरणी म्हणजे मुंबई, असेच समीकरण होते. परंतु भोवतालचा कापूस, वरोऱ्याचा कोळसा आणि दहा वर्षांपूर्वी येथे पोहोचलेला लोहमार्ग यांचा हिशेब मांडून त्यांनी नागपूर निवडले. व्यवस्थापनासाठी त्यांनी नेमले बेझनजी मेहता यांना. हे गृहस्थ रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले. सूत आणि माग यांच्याशी त्यांचा पूर्वी संबंध नव्हता. तांत्रिक बाजू पाहण्यास लँकेशायरचे जेम्स ब्रुक्सबी होते. बेझनजी गिरणीतच गिरणीचे काम शिकले आणि पुढे दीर्घकाळ तिचा कारभार समर्थपणे सांभाळला. माणूस निवडताना त्याला काय येते, यापेक्षा तो काय शिकू शकेल, हे जमशेटजींनी पाहिले.

सुरुवातीची यंत्रे हलक्या प्रतीची निघाली. ती बदलण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. पुढे रिंग पद्धतीच्या चात्यांची माहिती मिळाली. जुन्या म्यूल यंत्रावर सूत आधी कातले जाई आणि मग गुंडाळले जाई. रिंग यंत्रावर या दोन्ही क्रिया अखंड चालत. लँकेशायरचा भरवसा मात्र म्यूलवर होता. लँकेशायर म्हणजे तर या धंद्याचे गुरुपीठ! जमशेटजींनी गुरुपीठाचा शब्द प्रमाण मानला नाही आणि नव्याच्या मागे डोळे मिटून धावलेही नाहीत. मोजकी यंत्रे आणवून त्यांनी येथेच ती चालवून पाहिली आणि खात्री पटल्यावर स्वीकारली. अनुकूलनशीलता म्हणतात ती हीच. वारा येईल तशी पाठ फिरवणे वेगळे आणि पारखून पद्धत बदलणे वेगळे.

तिसरा धडा माणसांविषयीचा. कामगारांची गैरहजेरी ही गिरणीची मोठी अडचण होती. दंड आणि दरडावणी हा सर्वमान्य उपाय होता. येथे मात्र बक्षिसे आली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आला आणि १८९५ पासून अपघातग्रस्तांना भरपाई मिळू लागली. अशा भरपाईचा कायदा देशात १९२३ मध्ये झाला, हे लक्षात घेतले म्हणजे या दृष्टीचे मोल कळते. कामगार का येत नाही, हा प्रश्न मालकाने स्वतःला विचारला, म्हणून हे सुचले.

आणि तरीही ही गिरणी आज नाही. १९८६ मध्ये ती राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये तिचा भोंगा कायमचा थांबला. यंत्रमागांची स्पर्धा, कृत्रिम धागा, सरकारी धोरणे, जुनी झालेली यंत्रसामग्री अशा अनेक कारणांनी देशातील कितीतरी संयुक्त गिरण्या याच मार्गाने गेल्या. दोष एकावर ढकलण्याचे प्रयोजन नाही. परंतु एका पिढीने शिकलेले दुसऱ्या पिढीला आयुष्यभर पुरत नाही, एवढे यातून निश्चित दिसते. गिरणी बंद पडली तेव्हा किंमत मोजली ती हजारो कुटुंबांनी.

आज मिहानमधील संगणक कंपनी असो, बँक असो की शाळा, कृत्रिम बुद्धिमत्ता प्रत्येकाच्या दारी उभी आहे. पन्नाशीतील अधिकाऱ्याला जे उमगत नाही, ते पंचविशीतील सहकाऱ्याला सहज येते. अशा वेळी पद आड येते आणि ‘हे मला समजावून सांग’ एवढे चार शब्द ओठांवर येत नाहीत. ते यावेत. मूल्ये ठाम असावीत. प्रामाणिकपणा, शब्द पाळणे, हाताखालच्या माणसाची काळजी यांत बदल नको. पद्धती मात्र बदलत्या असाव्यात.

आपल्या हाताखालील माणसाकडून आपण नवे असे शेवटचे कधी शिकलो, हे प्रत्येक प्रमुखाने आज घरी जाऊन आठवून पाहावे. आठवायला फार वेळ लागला, तर उद्या कचेरीत गेल्यावर पहिले काम कोणते, हे वेगळे सांगायला नको.