ती शंभर माणसं कुठली?

(धाराशिव येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



परंडा तालुक्यातले एक शेतकरी आषाढात माझ्याकडे आले. वय साठीच्या आसपास. जठराचा कॅन्सर, आणि यकृताच्या उजव्या भागात एक गाठ. मुलगा माझ्याशी एकट्यानं बोलायचं म्हणून दारात घुटमळत होता. अशा वेळी घरचे हळू आवाजात विचारतात, "किती दिवस?" पण इथं मुलाच्या आधी म्हाताऱ्यानंच विचारलं, "डॉक्टरसाहेब, खरं सांगा. तुरीची रास व्हईस्तोवर राहतो का न्हाई?"

मी वाचलेलं सांगितलं. यकृतातली गाठ एकच असेल आणि ती जठरासोबत काढता आली, तर अशा शंभरातले वीस-पंचवीस जण पाच वर्षं काढतात. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "ती शंभर माणसं कुठली म्हणायची?"

आजचं माझं सगळं बोलणं या एका प्रश्नाचं उत्तर आहे. इतक्या वर्षांत एवढा नेमका प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

आधी रोगाबद्दल थोडं. जठर आणि आतडी यांचं रक्त पोर्टल नावाच्या शिरेतून आधी यकृतात जातं. रानातले सगळे ओहोळ आधी एका तळ्यात उतरावेत तसं. म्हणून जठरातून निसटलेल्या पेशी यकृतात अडकतात. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये कित्येकदा हे तळंच पहिला आणि एकटा मुक्काम असतो. तिथं यकृताचा तुकडा काढून माणसं बरी झालेली आहेत, आणि ती शस्त्रक्रिया आता सर्वमान्य आहे. जठराचा कॅन्सर मात्र लसिकाग्रंथींतून आणि पोटाच्या पडद्यावरूनही पसरतो. यकृतातली गाठ आपल्याला दिसते. बाकीचं बऱ्याचदा दिसत नाही.

थिओडोर बिलरोथ यांनी व्हिएन्नात २९ जानेवारी १८८१ या दिवशी जठराचा कॅन्सर काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. सर्जरीच्या प्रत्येक पुस्तकात ती असते. रुग्ण ४३ वर्षांची बाई होती. टाके बरे झाले, ती जेवू लागली, घरी गेली. जेमतेम चार महिन्यांत ती वारली, आणि यकृतात कॅन्सर पसरलेला होता. विद्यार्थ्यांना आम्ही पहिला भाग सांगतो. दुसरा सांगायला आमची जीभ जड होते.

आता तो 'वीस-पंचवीस'चा आकडा कुठून येतो ते पाहू. त्यातला मोठा भाग जपानमधून येतो. तिथं जठराचा कॅन्सर जास्त, त्यामुळे लोकांची तपासणीही जास्त आणि सर्जनचा हातही त्यावर बसलेला. यकृतात गाठ एकच आहे की अनेक, ती पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी आहे का, जठराच्या भिंतीत रोग किती खोल गेला, किती लसिकाग्रंथी बाधित आहेत, यकृतातली गाठ जठरासोबतच सापडली की नंतर उगवली, रक्तातलं सीईए हे कॅन्सरची खूण देणारं द्रव्य किती, हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं लिहून ठेवलं.

त्यावरून 'नोमोग्राम' करतात. पूर्वी शाळेत गुणपत्रिका असायची, तसा एक कागद समजा. एकाखाली एक आडव्या पट्ट्या. गाठींच्या संख्येची एक, आकाराची एक, ग्रंथींची एक. रुग्णाची खूण प्रत्येक पट्टीवर करायची, वरच्या पट्टीवर तिचे गुण बघायचे, बेरीज करायची आणि तळाच्या पट्टीवर बोट ठेवायचं. तिथं लिहिलेलं असतं: एक वर्ष जगण्याची शक्यता इतकी, तीन वर्षांची इतकी. आता हे काम मोबाईलवर होतं. बोटाखाली आकडा येतो तेव्हा तो अगदी खरा वाटतो. दशांशचिन्हासकट असतो ना!

हा कागद किती बरोबर, हे तपासायची पद्धत सोपी आहे. कोणतेही दोन रुग्ण घ्यायचे. आधी कोण गेलं हे आपल्याला ठाऊक आहे, कागदाला ठाऊक नाही. कागदानं दोघांतला जास्त धोक्याचा बरोबर ओळखला का? नुसतं नाणं उडवलं तरी दहातल्या पाच जोड्या बरोबर येतील. असे बरेच कागद साताच्या आसपास पोचतात. सात म्हणजे वाईट नाही. पण चुकलेल्या तीन जोड्यांतही माणसंच असतात. शिवाय हा कागद क्रम बरोबर लावूनही आकडा चुकवू शकतो. जपानमध्ये ज्याला 'तीन वर्षं' म्हटलं, तसाच रोग घेऊन आपल्या भूम तालुक्यातला माणूस आला, तर तो उशिरा आलेला असतो, वजन उतरलेलं असतं, आणि केमोचे तीन डोस झाल्यावर पेरणीसाठी घरी जाऊन परतलेला नसतो. क्रम तोच राहतो, पण वर्षं बदलतात.

याहून मोठी गोम पुढे आहे. ही शंभर माणसं निवडलेली होती. ज्यांची तब्येत धड, गाठ एक, रोग आवाक्यात, त्यांनाच टेबलावर घेतलं. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. नवं बियाणं बागायतीत पेरायचं, जुनं कोरडवाहू रानात, आणि म्हणायचं, बघा, नव्या बियाण्याला उतारा जास्त!

जर्मनीत हेच घडलं. तिथल्या एका अभ्यासात मर्यादित पसरलेल्या जठराच्या कॅन्सरच्या ६० रुग्णांना आधी केमो दिली. त्यातल्या ३६ जणांवर पुढे शस्त्रक्रिया झाली. त्यांचं मध्यक आयुष्य ३१.३ महिने निघालं, उरलेल्यांचं १५.९. हा अभ्यास २०१७ साली छापून आला. आकडा दुप्पट, त्यामुळे आम्ही सर्जन मंडळी सुखावलो. मग तिथल्याच डॉक्टरांनी प्रामाणिकपणे चिठ्ठ्या टाकून १३९ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला केमो आणि शस्त्रक्रिया, दुसऱ्याला फक्त केमो. २०२४ साली निकाल आला. सगळा गट धरला तर शस्त्रक्रियेनं आयुष्य वाढलेलं नव्हतं. फक्त दूरच्या लसिकाग्रंथींत रोग असलेल्यांना फायदा झाल्यासारखा दिसला, पोटाच्या पडद्यावर रोग असलेल्यांचं नुकसान झालं. स्वतःच्या हाताच्या कामावर स्वतःच चिठ्ठी टाकणाऱ्या त्या सर्जनांबद्दल मला फार आदर वाटतो.

आणि चिठ्ठी टाकणं आपल्या जिल्ह्याला नवीन नाही, हे तुम्हाला सांगताना मला अभिमान वाटतो. १९९९ साली याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. गावांचे ५२ समूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. कोणत्या समूहाला कोणती तपासणी आणि कोणत्याला कोणतीच नाही, हे चिठ्ठीनं ठरलं. या कॅन्सरला कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरनं ३४ मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या गटात ६४. २००९ साली हे छापून आलं आणि जगभरच्या तपासणीच्या धोरणात आपल्या आयाबहिणींचा आकडा गेला. तपासणी न मिळालेल्या गटाबद्दल पुढे नैतिक प्रश्न उठले. ते उठायलाच हवे होते. त्या ६४ जणींचं ऋण कागदात मावणारं नाही.

याच्याही आधी, १९८७ साली, बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. भगवान नेने यांनी ती उभी केली. शहरात नोंदणी करणारा रुग्णालयाच्या दप्तरात बसून नावं उतरवतो. इथं तसं चालणार नव्हतं, कारण माणूस रुग्णालयात पोचतच नव्हता. म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले. पारावर बसले, शिक्षकांशी, पोलीस पाटलांशी बोलले, अंगावर जाणं, गिळायला त्रास, न भरणारी जखम यांविषयी सांगितलं आणि संशयित रुग्णाला तपासणीसाठी आणलं. नंतर घरी जाऊन विचारलं, कसं आहे? गेले असतील तर तारीख विचारून लिहून घेतली. घरात रडारड चालू असताना ओसरीवर बसून तारीख विचारणं किती अवघड असेल याचा विचार करा. पण 'पाच वर्षं इतके टक्के' हे वाक्य अशाच तारखांनी बनतं. जो परत आला नाही तो जिवंत की मेला हे माहीत नसेल, तर आकडा फुगतो, आणि फुगलेला आकडा पुढच्या रुग्णाला फसवतो.

म्हणून पुढच्या वेळी डॉक्टर तुम्हाला टक्के सांगतील तेव्हा तुम्हीही विचारा, कुठली शंभर माणसं? त्यांचा रोग माझ्यासारखा होता का? त्यांना निवडून घेतलं होतं का? डॉक्टर चिडणार नाहीत. चिडले तर पुन्हा विचारा.

परंड्याच्या त्या काकांना मी दुसऱ्या दिवशी बोलावलं आणि सांगितलं, "ती माणसं जपानची, काका. निवडलेली. तुमच्याबद्दल मला त्यांच्यावरून अंदाजच बांधता येतो. आधी केमो देऊ, तीन महिने बघू. गाठ आटली आणि दुसरीकडे काही उगवलं नाही, तर शस्त्रक्रियेचं बोलू." ते म्हणाले, "म्हंजी रोगालाच बोलू द्यायचं." हो, अगदी तेच.

तीन महिन्यांनी सीटी स्कॅन काढला तेव्हा यकृताच्या डाव्या भागातही दोन नव्या गाठी होत्या. आषाढातच पोट उघडलं असतं तर त्या तेव्हा आमच्या हाताला लागल्या नसत्या, आणि काकांचे दोन महिने टाके वाळण्यात गेले असते. शस्त्रक्रिया केली नाही. केमो चालू ठेवली, दुखणं आटोक्यात ठेवलं. पौषात मुलगा आला तो शेर-दीड शेर तुरीची डाळ घेऊन. रास झाली होती. म्हातारा खळ्यावर बाजेवर बसून होता म्हणे, मापाला कोण बसलंय याच्यावर लक्ष ठेवून.

फाल्गुनात मुलाचा फोन आला. आवाज बसलेला होता. म्हणाला, "साहेब, दादा काल पहाटे गेले. तुम्ही तारीख लिहून ठेवता म्हणाला होतात. लिहून घ्या."

मी फाईल काढली आणि लिहिली.