डोळ्यांच्या संशोधनासाठी देणगी: कुणाला द्यायची, हे कोण ठरवतं?

आजचा विषय ऐकायला जरा कोरडा आहे. डोळ्यांच्या संशोधनासाठी देणग्या गोळा करणारी संस्था ते पैसे नेमके कुणाला देते, आणि कसं ठरवते?

उदाहरण घेऊया अमेरिकेतल्या ‘फाउंडेशन फायटिंग ब्लाइंडनेस’चं. 1971 साली गॉर्डन गुंड आणि त्यांच्यासारख्या काही कुटुंबांनी मिळून ही संस्था सुरू केली. गुंड उद्योजक होते, आणि तरुणपणीच रेटिनायटिस पिगमेंटोसामुळे, म्हणजे आरपीमुळे, त्यांची दृष्टी गेली होती. या आजारात डोळ्याच्या मागचा पडदा हळूहळू निकामी होतो. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग बाजूचं.

आता गंमत बघा. संस्था काढणारेच रुग्ण किंवा रुग्णांचे आईवडील. म्हणजे घाई सगळ्यात जास्त त्यांनाच. अशा वेळी जो मोठमोठी आश्वासनं देईल त्याला चेक फाडून द्यावा, असं वाटणं साहजिक आहे. म्हणूनच निर्णयाचे दोन भाग केलेले असतात. शास्त्रज्ञांचे अर्ज आधी वैज्ञानिक सल्लागार मंडळाकडे जातात. त्याच क्षेत्रातली जाणकार माणसं ते वाचून क्रम लावतात. पैसे मंजूर करण्याचा अधिकार मात्र संचालक मंडळाकडे असतो.

आमच्या भाषेत सांगायचं तर हा कोड रिव्ह्यूच झाला. स्वतःचा कोड स्वतःच पास करायचा नाही! चांगल्या संस्थांत परीक्षकाच्या स्वतःच्या प्रयोगशाळेचा अर्ज आला, तर तो त्या चर्चेतून उठून बाहेर जातो. आणि अनुदान एकरकमी हातात पडत नाही. दरवर्षी अहवाल द्यायचा, ठरलेला टप्पा गाठला तर पुढचा हप्ता.

माझ्या मामांना आरपी आहे. ‘उपचार सापडला’ असा एखादा फॉरवर्ड आला की ते मला पाठवतात, "खरं आहे का रे?" म्हणून. मी आता एकच बघतो, हे काम कुणी तपासलंय का. कारण खरा रस्ता लांब असतो. आरपीई65 नावाचं एक जनुक आहे. त्यातल्या दोषामुळे जन्मापासून किंवा लहानपणीच दृष्टी जाते. या जनुकावरच्या सुरुवातीच्या संशोधनाला या संस्थेने पैसा पुरवला. 2001 साली निबंध प्रसिद्ध झाला, की जन्मतः जवळजवळ आंधळ्या असलेल्या ब्रियार्ड जातीच्या कुत्र्यांना जनुक-उपचारानंतर दिसू लागलं. त्यातल्या एकाचं नाव लान्सलॉट. 2007 मध्ये माणसांवर चाचण्या सुरू झाल्या आणि डिसेंबर 2017 मध्ये ‘लक्सटर्ना’ या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली. संस्था स्थापन झाल्यापासून 46 वर्षांनी! आणि तेही एकाच जनुकासाठी. आरपीला कारणीभूत ठरणारी जनुकं डझनांनी आहेत.

आता अवघड भाग. 2018 मध्ये या औषधाची जाहीर किंमत एका डोळ्यासाठी 4 लाख 25 हजार डॉलर होती. सुरुवातीचा धोका देणगीदारांच्या पैशाने उचलला, औषध मात्र कंपनीचं. मग देणगीदाराला काय मिळालं? संस्थेने यावर एक उत्तर शोधलंय. 2018 मध्ये त्यांनी ‘आरडी फंड’ काढला. त्यातून रेटिनावर काम करणाऱ्या छोट्या कंपन्यांत गुंतवणूक होते, आणि नफा झाला तर तो पुन्हा संशोधनातच जातो.

मला हे अर्धंच उत्तर वाटतं. पैसा संशोधनात परत येतो हे चांगलंच, पण त्याने औषध स्वस्त होत नाही. शिवाय संस्था स्वतःच गुंतवणूकदार झाली, की हितसंबंधांचे नियम आणखी कडक लागतात. ज्या कंपनीत आपले पैसे आहेत, तिच्याबद्दल रुग्णांना निःपक्षपाती सल्ला देणं सोपं नाही.

म्हणून, मंडळी, वैद्यकीय संशोधनाला देणगी देताना तीन प्रश्न विचारा. अर्ज कोण तपासतं? तपासणाऱ्याचा त्यात स्वार्थ असेल तर काय करता? आणि यश मिळालं तर पैसा कुठे जातो? उत्तरं वेबसाइटवर नसतील, तर सरळ ईमेल करा. चांगली संस्था असेल तर असे प्रश्न तिला आवडतातच.

तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात!